सिटकॉमच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जायचंय? तिकिटापासून घरी परतेपर्यंत

लॉस एंजेलिसमध्ये सिटकॉमच्या, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकेच्या, चित्रीकरणाचं तिकीट फुकट मिळतं, हे सांगितलं की आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुकट? का बरं?" शंका रास्त आहे. फुकट, कारण तुम्हाला तिथे कामाला बोलावलेलं असतं. काम एवढंच, की मनापासून हसायचं आणि डोक्यावर टांगलेल्या मायक्रोफोनपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं हसायचं. हा व्यवहार एकदा नीट समजला की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. तिकीट हातात असून बाहेर का थांबावं लागतं, फोन का काढून घेतात, बावीस मिनिटांच्या भागाला चार तास का लागतात, सगळ्याचं मूळ इथेच आहे.

मुलांकडे सुट्टीला आलेले आईवडील, तिथेच राहणारी मंडळी आणि पाच-सहा दिवसांच्या सहलीत एक संध्याकाळ मोकळी ठेवू शकणारे, अशा तिघांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितोय.

प्रेक्षक लागतात ते कोणत्या मालिकेला

सगळ्या विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत नाहीत. 'द ऑफिस' किंवा 'मॉडर्न फॅमिली' सिनेमासारख्या, एका वेळी एक शॉट घेत चित्रित झाल्या. तिथे प्रेक्षकांना जागाच नव्हती. 'फ्रेंड्स' आणि 'द बिग बँग थिअरी' यांची जात वेगळी. समोर तीन भिंतींचं नेपथ्य, त्याच्यासमोर एकाच वेळी चालणारे सहसा चार कॅमेरे आणि कॅमेऱ्यांच्या मागे चढत्या बाकांवर प्रेक्षक. मालिका पाहताना हशा ऐकू येतो का आणि खोलीची चौथी भिंत कधी दिसते का, या दोन खुणांवरून बहुतेक वेळा ओळख पटते.

ही पद्धत बसवली 'आय लव्ह लुसी'नं. साल १९५१. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. मालिकेतले मुख्य कलाकार लुसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या नवराबायकोला हॉलिवूड सोडायचं नव्हतं, आणि लुसीचा विनोद फुलायला समोर माणसं हवी होती. मग ३५ मिलिमीटर फिल्मचे तीन कॅमेरे एकदम चालवायचे आणि समोर खरे प्रेक्षक बसवायचे, असं ठरलं. प्रकाशयोजना कार्ल फ्रॉइंड या बुजुर्ग छायाचित्रकाराकडे होती, 'मेट्रोपोलिस' चित्रित करणाऱ्यांपैकी एक. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा उजेड कसा पाडायचा हे त्यांनी सोडवलं. आज तुम्ही ज्या बाकांवर बसता त्यांची मांडणी मूळची तिथली.

विकत घेतल्यासारखं हसूही त्याच दशकात आलं. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्यानं वेगवेगळ्या हशांच्या फिती एका पेटीत भरल्या आणि कळ दाबली की हवं तसं हसू निघेल अशी सोय केली. पेटी स्वस्त पडायची, तरीही कितीतरी निर्माते खऱ्या माणसांकडे वळले. 'हॅपी डेज' ही मालिका तर तिसऱ्या पर्वापासून, १९७५ साली, मुद्दाम प्रेक्षकांसमोर चित्रित होऊ लागली. कारण नाटकवाल्यांना सांगायला नको. समोर हशा पिकला की नटाचं टायमिंग सुधारतं, आणि पेटीतल्या हशासाठी कोणी थांबत नाही.

हल्ली अशा मालिका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. २०२० च्या साथीत अनेकांना रिकाम्या बाकांसमोर चित्रीकरण करावं लागलं आणि दरम्यान लोकांची आवडही बदलली. तरी दुकान बंद झालेलं नाही. २०२४ मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली 'जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज' ही प्रेक्षकांसमोरची मालिका. गंमत अशी, की जिच्यातून ती निघाली ती 'यंग शेल्डन' बिनप्रेक्षकांची होती. कुटुंब तेच, पण चित्रीकरणाची तऱ्हा बदलली. तुम्ही जाल त्या महिन्यात कोण चित्रीकरण करतंय हे तिकीट देणाऱ्या संस्थांच्या यादीतच पाहायचं. मालिका मध्येच गुंडाळल्या जातात, त्यामुळे मागच्या वर्षी कोणी काय पाहिलं यावर विसंबू नका.

महिना आणि वार

अमेरिकन सिटकॉमचा हंगाम ढोबळमानानं ऑगस्टपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आपले आईवडील मात्र इकडचा उन्हाळा चुकवायला मे-जूनमध्ये तिकडे जातात, आणि नेमके तेव्हाच स्टुडिओ थंडावलेले असतात. सिटकॉम पाहणं हा प्रवासाचा मुख्य हेतू नसेलच, पण दिवाळीनंतरची भेट ठरत असेल तर हे लक्षात असू द्या. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हा काळ सोडून द्यावा. शिवाय एरवीही दोन-तीन आठवडे काम झालं की एक आठवडा सुट्टी, असा रिवाज असतो.

प्रत्येक मालिकेचा प्रेक्षकांचा वार ठरलेला असतो. 'द बिग बँग थिअरी' मंगळवारी व्हायची. आठवड्याची सुरुवात संहितेच्या वाचनानं होते, मग तालमी, मग कॅमेऱ्यासह तालीम आणि शेवटच्या दिवशी प्रेक्षक. म्हणजे वार चुकला तर त्या आठवड्यात दुसरी संधी नाही.

तिकीट

स्टुडिओच्या गेटवर तिकीटखिडकी नसते. प्रेक्षक पुरवणं हा तिथे स्वतंत्र धंदा आहे. ऑडियन्सेस अनलिमिटेड, वनआयोटा, ऑन-कॅमेरा ऑडियन्सेस या त्यातल्या ओळखीच्या संस्था. त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, मालिका आणि तारीख निवडायची, किती माणसं ते सांगायचं. तारखा साधारण महिनाभर आधी खुल्या होतात. गाजलेल्या मालिकेची तिकिटं पटकन संपतात, म्हणून तारीख उघडते त्या सुमारास रोज डोकवावं. प्रतीक्षा यादीत नाव गेलं तरी निराश होऊ नका. फुकट तिकीट असल्यामुळे आयत्या वेळी न येणारे पुष्कळ असतात.

हेच गणित संस्थाही करते आणि बाकांच्या संख्येपेक्षा जास्त तिकिटं वाटते. एका स्टेजवर साधारण दोनशे ते तीनशे माणसं मावतात आणि एकही खुर्ची रिकामी ठेवणं निर्मात्याला परवडत नाही. म्हणून तुमच्या तिकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की तिकीट म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. हे वाक्य शोभेचं नाही, ते अक्षरशः घ्यायचं. काही तिकिटांना प्राधान्य असतं. तुमचं कोणतं आहे ते आधी तपासा.

नोंदणी करताना चार गोष्टी बघून घ्या.

वयाची अट: काही ठिकाणी अठरा, काही ठिकाणी सोळा, क्वचित त्याहून कमी. नातवंडं घेऊन जायचा बेत बहुधा इथेच बारगळतो.

तिकिटावरची नावं: पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हा घोळ तिथल्या रखवालदाराला समजावत बसायची वेळ येऊ नये.

चढ-उतार: बाकांच्या पायऱ्या उंच असतात. गुडघेदुखी असेल, चाकाची खुर्ची लागत असेल, तर आधीच कळवा. सोय असते, पण ऐन वेळी मागितली तर उशीर होतो.

पैसे: सिटकॉमच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत. कोणी विकत असेल तर घेऊ नका. याउलट काही कार्यक्रमांना पैसे देऊन प्रेक्षक बसवतात. त्या वाटेला पर्यटक व्हिसावर आलेल्यांनी जाऊ नये, कारण त्या व्हिसावर मोबदल्याचं काम करता येत नाही. रक्कम किरकोळ, पण त्यातून उपटणारी कटकट मोठी.

मोठा गट असेल तर संस्थेशी वेगळं बोलता येतं. काही संस्था धर्मादाय मंडळांना माणशी काही रक्कम देणगी म्हणून देतात आणि पूर्ण गटाला एकत्र बसवतात. गणपतीच्या खर्चाला हातभार लागेल असा हा मार्ग तिथल्या आपल्या मंडळांनी विचारात घ्यायला हरकत नाही.

जायचं कुठे

"हॉलिवूडला चाललोय" असं आपण म्हणतो, पण बरेच मोठे स्टुडिओ हॉलिवूडच्या बाहेर विखुरलेत. वॉर्नर ब्रदर्स आणि डिस्ने बरबँकमध्ये आहेत, सोनी कल्व्हर सिटीत, फॉक्स सेंच्युरी सिटीजवळ. 'साइनफेल्ड' जिथे झाली तो जुना सीबीएस स्टुडिओ स्टुडिओ सिटीत रॅडफर्ड अव्हेन्यूवर. हॉलिवूडमध्येच म्हणावा असा मोठा स्टुडिओ पॅरामाउंट, मेलरोज अव्हेन्यूवर. 'चिअर्स' तिथली. नकाशात नुसतं स्टुडिओचं नाव टाकू नका. एकेका आवाराला अनेक फाटकं असतात आणि प्रेक्षकांचं फाटक व वाहनतळ ठरलेला असतो. तिकिटावरचा पत्ता जसाच्या तसा टाका.

लॉस एंजेलिसची संध्याकाळची वाहतूक मुंबईकरालाही हात टेकायला लावते. बोलावण्याची वेळ बहुधा दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, म्हणजे नेमकी गर्दी सुरू होते तेव्हाची. नकाशा चाळीस मिनिटं म्हणत असेल तर दीड तास धरा. मेट्रोची बी लाइन हॉलिवूडमधून युनिव्हर्सल सिटीमार्गे नॉर्थ हॉलिवूडपर्यंत जाते, पण बरबँकचे स्टुडिओ तिच्यावर नाहीत. शेवटचा टप्पा टॅक्सी किंवा बसनं करावा लागतो. आणि परतीची वेळ रात्री नऊ-दहा धरूनच बेत आखा.

आदल्या दिवशी

सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे मालिकेचे अलीकडचे तीन-चार भाग पाहणं, तेही इंग्रजी उपशीर्षकं लावून. आपल्या पिढीला वाचलेलं इंग्रजी कळतं, पण टेक्सासच्या ढंगात भराभर बोललेलं कानावरून जातं. कोण कोणाची सासू, कोणाचं कोणाशी फाटलंय, कोणत्या पात्राची कोणती खोड यावर प्रेक्षक हमखास हसतात, हे ठाऊक असलं की निम्मे विनोद भाषा न कळताही पोचतात. सिटकॉमचा विनोद शब्दांइतकाच स्वभावांवर चालतो. घरात ऐकू कमी येणारं कोणी असेल तर त्यांना या संध्याकाळी ओढू नका. स्टेजवर उपशीर्षकं नसतात.

पोटभर खाऊन जा. आत पाणी, चॉकलेटं, कधी पिझ्झाचा तुकडा मिळतो, पण तो शाकाहारी असेल याची खात्री नाही आणि वेळही त्यांच्या हातात. डबा बहुतेक ठिकाणी फाटकावरच अडतो. मधुमेह असेल तर गोळ्या आणि खाण्याचं काहीतरी लागतं हे आधी कळवून ठेवा आणि औषधं मूळ वेष्टनात न्या.

कपडे थोडे नीटनेटके. सिटकॉममध्ये कॅमेरा सहसा प्रेक्षकांकडे वळत नाही, त्यामुळे पैठणी नेसण्याचं कारण नाही, पण हाफ पँट आणि सपाता नकोत. स्वेटर मात्र विसरू नका. दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून स्टेज चांगलंच गार ठेवलेलं असतं, आणि हलता न येता चार तास बसल्यावर ते बोचतं.

मूळ पासपोर्ट किंवा तिथलं सरकारी ओळखपत्र लागतं. फोनमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका, कारण मुळात फोनच आत जाईल की नाही हा प्रश्न आहे. काही ठिकाणी तो गाडीत ठेवायला सांगतात, काही ठिकाणी कुलूप लागणाऱ्या पिशवीत घालून तुमच्याच हाती देतात. प्रसारित न झालेल्या भागातलं एक वाक्य बाहेर फुटलं तरी त्यांचं नुकसान, म्हणून इथे गयावया चालत नाही. हातात साधं घड्याळ बांधा आणि मुलाचा नंबर, घरचा पत्ता, परत भेटण्याची जागा कागदावर लिहून खिशात ठेवा. टॅक्सीनं आलेल्यांनी फोन कुठे राहणार हे विशेषकरून आधीच विचारावं. गाडी नाही म्हणजे ठेवायलाही जागा नाही.

रांग

तिकिटावरच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, नव्या किंवा गाजलेल्या मालिकेला त्याहून आधी. सामानाची आणि अंगाची तपासणी विमानतळासारखीच. मग हातावर पट्टी किंवा शिक्का, एक क्रमांक, आणि बाकांवर बसून वाट पाहणं. सावली असेलच असं नाही. टोपी आणि छोटी पाण्याची बाटली जवळ असू द्या, दोन्ही फाटकाशी टाकून द्यावं लागलं तरी.

इथून पुढे तुमचा ताबा पेज मंडळींकडे. स्टुडिओत पेज म्हणजे प्रेक्षकांची ने-आण करणारी तरुण मुलंमुली. ते सांगतील तसं एका रांगेत चालायचं, आवारात इकडेतिकडे वळायचं नाही. जागा ते नेमून देतात. "जरा मधलं बघा ना" म्हणून उपयोग होत नाही, मात्र बरोबरची माणसं वेगळी पडत असतील तर नम्रपणे सांगावं.

आत गेल्यावर

पहिला धक्का बसतो तो नेपथ्य किती लहान आहे याचा. पडद्यावर ऐसपैस वाटणारा दिवाणखाना आपल्या दोन खोल्यांएवढा निघतो. नेपथ्यं एका ओळीत शेजारी शेजारी मांडलेली असतात. कायमची मध्ये, आणि त्या आठवड्यापुरती बांधलेली, एखादं हॉटेल वा दवाखाना, कडेला. तुम्ही डाव्या टोकाला बसलात आणि प्रसंग उजव्या टोकाला चालला असला तर नट दिसायचे नाहीत. मध्येच एखादा कॅमेरा सरकत येऊन नायिकेला झाकून टाकेल. वर टांगलेले पडदे त्यासाठीच असतात. नवखा प्रेक्षक सगळा वेळ पडद्याकडे बघत राहतो, हे टाळा. घरी टीव्हीवर तेच दिसणार आहे. प्रसंग झाकला तर वर बघा, एरवी नजर खाली, जिथे नट आणि तंत्रज्ञ आहेत.

स्वच्छतागृहाला आधीच जाऊन या. मध्ये जाता येतं, पण पेज सांगेल तेव्हा, आणि टेक, म्हणजे प्रसंगाचं प्रत्यक्ष चित्रीकरण, चालू असताना अजिबात नाही.

दिवे लागले की येतो वॉर्म-अप करणारा. हा विनोदवीर मालिकेत नसतो, पण संध्याकाळ त्याच्या जिवावर चालते. दोन प्रसंगांमध्ये नट कपडे बदलतात, दिवे सरकतात, दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात प्रेक्षक पेंगले तर पुढच्या प्रसंगाचा हशा गेला. म्हणून तो गाणी लावतो, कोडी घालतो, लोकांना नाचवतो. "सगळ्यात लांबून कोण आलंय?" हा त्याचा ठेवणीतला प्रश्न. सातारा किंवा सांगली असं जोरात सांगितलंत तर बहुधा तुम्हीच जिंकाल. आपली माणसं अशा वेळी एकमेकांना कोपरानं ढोसत "तू सांग, तू सांग" करत बसतात आणि बक्षिसाचा टीशर्ट अमेरिकेतल्याच नेब्रास्काचा कोणी घेऊन जातो. हात वर करा. नाव गाव विचारतील, एखादी ओळ म्हणायला लावतील, एवढंच.

चित्रीकरण कसं चालतं

घंटा होते, लाल दिवा लागतो, सहायक दिग्दर्शक शांततेची हाक देतो, क्लॅप वाजते, दिग्दर्शक "ॲक्शन" म्हणतो. प्रसंग शक्यतो कथेच्या क्रमानं घेतात, म्हणजे तुम्हाला गोष्ट कळत जाते. गाडीतले, बाहेरचे, लहान मुलांचे किंवा पडझडीचे प्रसंग बहुधा आदल्या दिवशीच उरकलेले असतात. ते वरच्या पडद्यांवर दाखवतात आणि तुमचा हशा तेवढा नव्यानं टिपतात. तिथेही खुलेपणानं हसायचं, समोर कोणी नाही म्हणून सैलावायचं नाही.

प्रत्येक प्रसंग निदान दोनदा होतो. पहिला टेक संपला की तुम्हाला खरी मेजवानी दिसते, फक्त ती कुठे मांडलीय हे माहीत हवं. नटांकडे न बघता कॅमेऱ्यांच्या मागे पडद्याभोवती जमलेल्या घोळक्याकडे बघा. ते लेखक. ज्या वाक्याला तुम्ही हसला नाहीत ते वाक्य तिथे उभ्या उभ्या बदललं जातं. कोणीतरी नवी ओळ सुचवतं, बाकीचे हसतात किंवा मान हलवतात, एक जण धावत जाऊन नटाच्या कानात सांगतो, आणि दोन मिनिटांत तो नट ती ओळ जन्मभर पाठ असल्यासारखी म्हणतो. दुसऱ्या टेकला त्याच जागी वेगळा विनोद ऐकू येतो आणि अख्खं स्टेज फुटतं. ज्यांनी आपल्याकडे नव्या नाटकाचे पहिले प्रयोग पाहिलेत त्यांना ही चव ठाऊक आहे. तिथे दहाव्या प्रयोगापर्यंत घासूनपुसून निघतं, इथे एका संध्याकाळीच.

'चिअर्स'च्या निर्मात्यांपैकी एक, जेम्स बरोज, या पद्धतीचे सगळ्यात नावाजलेले दिग्दर्शक. त्यांच्या नावावर हजाराहून जास्त भाग आहेत. प्रसंग चालू असताना ते पाहण्यापेक्षा ऐकतात म्हणून प्रसिद्ध आहेत. येरझाऱ्या घालत, लय कानानं पकडत. तुमच्या संध्याकाळी दिग्दर्शक कोणीही असो, एखाद्या प्रसंगात तुम्हीही डोळे मिटून ऐकून बघा. कुठे नट हशासाठी अर्धा श्वास थांबला आणि कुठे तो हशावर स्वार होऊन पुढचं वाक्य टाकतोय, हे स्पष्ट कळतं.

प्रेक्षक मोजला जातो याचा सगळ्यात ठसठशीत दाखला 'फ्रेंड्स'चा. १९९८ मध्ये या मालिकेचं चित्रीकरण लंडनला, वेम्बलीच्या फाउंटन स्टुडिओत झालं. चँडलर या पात्राच्या पांघरुणातून त्याची मैत्रीण मोनिका अचानक डोकं वर काढते तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी असा काही गलका केला की काम थांबलं. लेखकांच्या मनात ते प्रकरण थोडक्यात आटपायचं होतं. प्रेक्षकांचा नूर पाहून त्यांनी ते वाढवलं आणि पुढे त्या दोघांचं लग्न झालं.

निर्माते नॉर्मन लिअर यांची १९७१ ची 'ऑल इन द फॅमिली' तर एकाच दिवशी दोन वेगळ्या प्रेक्षकवर्गांसमोर दोनदा व्हायची, आणि दोन्हींतलं चांगलं निवडून भाग जोडला जायचा. आता एकाच बैठकीत सगळं होतं, म्हणून तीच गंमत दोनदा ऐकून दोन्हीदा हसायचं काम एकट्या तुमच्यावर.

हसायचं कसं

हे शिकवावं लागतं, हसू नका. म्हणजे, हसा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना गालातल्या गालात हसायची सवय असते. मायक्रोफोनला ते ऐकू जात नाही. मान डोलावून दिलेली दाद, शेजाऱ्याकडे बघून केलेलं "हं", यांची नोंद होत नाही. तोंड उघडून, आवाज काढून हसायचं. खोटं खिदळणं मात्र नको. ध्वनिमुद्रकाच्या कानाला ते लगेच कळतं, आणि एकाच माणसाचं वेगळं, किंचाळतं हसू सगळ्यांवर तरंगत राहिलं तर संकलनात डोकेदुखी होते.

दुसऱ्या टेकला पहिल्याइतकं हसू येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दिलं पाहिजे, कारण नट त्या हशाच्या अंदाजानं थांबणार असतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्याची ती थांबण्याची जागा उघडी पडते. मी सांगेन तो उपाय असा, की विनोदाची वाट बघत बसण्यापेक्षा ऐकणाऱ्या पात्राच्या चेहऱ्याकडे बघावं. बोलणाऱ्याचं वाक्य तुम्हाला पाठ झालेलं असतं, पण ऐकणाऱ्याचा चेहरा दर टेकला थोडा वेगळा असतो, आणि हसू तिथून येतं.

वाक्य आधीच माहीत आहे म्हणून शेजाऱ्याला ते पुढे पुढे सांगू नका. भाषांतरही नको. "काय म्हणाला तो?" या प्रश्नाचं उत्तर टेक संपल्यावर द्यायचं, कारण कुजबुज वर टांगलेल्या मायक्रोफोनमध्ये स्वच्छ उतरते. शिट्टी, "वन्स मोअर", नटाला नावानं हाक, यांना जागा नाही. लाडका नट पहिल्यांदा दारातून आला की टाळ्या पिटाव्या असं वाटतं. नाटकात आपण तसं करतोच, पण पुष्कळ निर्मात्यांना ते आवडत नाही, कारण पात्र अडखळतं. वॉर्म-अपवाला काय सांगतो ते ऐका आणि तसंच करा. चुकून नटानं वाक्य विसरून गोंधळ घातला तर मात्र मनमोकळं हसा. ते सगळ्यांना हवंच असतं.

तीन तासांनंतर पाठ भरते आणि लक्ष उडतं. मध्येच उठून जाता येतं का? अडचण असेल तर येतं, कोणी कोंडून ठेवत नाही. पण पेजला सांगून, दोन प्रसंगांच्या मध्ये. आणि परत आत येण्याची आशा सोडून. शेवटपर्यंत थांबलात तर नट पुढे येऊन वाकून नमस्कार करतात. सही आणि फोटोची संधी सहसा मिळत नाही. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर जाऊ नका.

लंडनमध्ये असाल तर

इंग्लंडमध्येही हाच प्रकार चालतो आणि तिकीट फुकटच. बीबीसी स्वतःच्या संकेतस्थळावरून अर्ज घेते आणि मागणी जास्त असेल तर सोडत काढते. शिवाय एसआरओ ऑडियन्सेस, अप्लॉज स्टोअर, लॉस्ट इन टीव्ही अशा संस्था आहेत. तिथेही जास्तीची तिकिटं वाटतात, तेव्हा लवकर पोचणं आलंच. ब्रिटिश मालिकांचं एक पर्व अनेकदा सहाच भागांचं असतं, म्हणजे तारखा मोजक्या. माझं मत विचाराल तर भाषेचा अडसर असलेल्यांना लॉस एंजेलिस सोपं पडतं. ब्रिटिश विनोदातले निम्मे संदर्भ तिथल्या गल्लीबोळातले असतात. पण 'माइंड युअर लँग्वेज' पाहून वाढलेल्या पिढीला तिथे जास्त आपलेपणा वाटला तर नवल नाही.

फाटकावरून परत पाठवलं तर

होऊ शकतं. वाद घालू नका, पेज मंडळींच्या हातात काही नसतं. पुढच्या चित्रीकरणासाठी प्राधान्याचं तिकीट मिळेल का, एवढं विचारा. पुष्कळदा देतात. अंधार पडायच्या आत परत पाठवलं असेल तर संध्याकाळ दुसरीकडे लावता येते. वॉर्नर ब्रदर्सची पैसे भरून करायची स्टुडिओ सफर दिवसा असते, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. 'फ्रेंड्स'मधल्या कॉफीच्या दुकानाचं नेपथ्य तिथे बघायला मिळतं, सोफ्यावर बसता येतं, फोटोही काढू देतात. नातवंडांना घेऊन जायचं असेल तर खरं म्हणजे हाच पर्याय बरा.

आत शिरकाव झालाच, तर त्या भागाची गोष्ट तो प्रसारित होईपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. तुम्ही तशी सही केलेली असते. भाग काही आठवड्यांनी लागतो. तारीख निघताना पेजला विचारून त्याच कागदावर लिहून घ्या, आणि भारतात परतणार असाल तर ती मालिका इकडे कुठल्या ॲपवर दिसते हेही मुलांना तेव्हाच बघायला सांगा.